लक्ष्मीपुरीतला सुकामेवा: माल चोख, भाव मात्र वॉशिंग्टनच्या हातात

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरातूनच लाडू, चिक्की आणि सुकामेव्याची बर्फी करून देते. त्यामुळे बदाम-पिस्ता माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही, कच्चा माल आहे. मॉलमधले चकचकीत डबे बघून झाले, ऑनलाइनवरचा ‘प्रीमियम’ मालही मागवून झाला. शेवटी टिकले ते लक्ष्मीपुरीत. फोर्ड कॉर्नरकडून आत गेलं की धान्याच्या दुकानांच्या ओळीत चाचांचं दुकान लागतं. पाटीवरचं नाव उन्हापावसानं पुसलंय, आणि मीही इथं लिहीत नाही. दारात खजुराच्या खोक्यांची उतरंड आणि आत सदा सुरू असलेला बातम्यांचा टीव्ही, एवढी खूण पुरे.

आधी पिस्त्याविषयी, कारण दुकानाची खरी ओळख तीच.

दोन पोती शेजारी शेजारी उघडी असतात. एक कॅलिफोर्नियाचं, एक इराणचं. चाचा स्टीलच्या वाटीत दोन्हीकडचे चार-चार दाणे टाकून वाटी पुढं करतात आणि गप्प बसतात. कॅलिफोर्नियाचा दाणा टपोरा, गोलसर, सगळा एका मापाचा, तोंड छान उघडलेलं. ताटात मांडायला हाच. इराणी दाणा लांबट, मापाला कमीजास्त, मुठीत एखादं तोंड न उघडलेलं निघतंच. पण दाणा नखानं सोलून दोन बोटांत चुरडला की बोटांना तेल लागतं. बर्फीत फरक पडतो तो इथं. इराणी पिस्त्याची पूड तुपात परतली की वास स्वयंपाकघराच्या बाहेर जातो. कॅलिफोर्नियाची पूड जास्त भाजावी लागते आणि तरी ती कोरडीच वाटते. माझं मत विचाराल तर खाण्याला इराणी, दाखवण्याला अमेरिकन.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच खानदानातले. अमेरिकेच्या शेतीखात्याचा विल्यम व्हाइटहाउस नावाचा माणूस 1929 साली इराणात गेला, सहा महिने बागा धुंडाळल्या आणि वीस पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो बी घेऊन परतला. कॅलिफोर्नियात चिको इथं ते लावलं. त्या हजारो रोपांतून जे एक झाड सरस निघालं त्याला नाव दिलं ‘केरमान’, इराणातल्या शहराचं. पुढं अनेक वर्षं कॅलिफोर्नियाच्या पिस्त्याचा धंदा याच एका जातीवर उभा होता. तिथं विकण्याजोगं पहिलं पीक आलं 1976 साली. तीनच वर्षांत तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत माणसं ओलीस धरली गेली आणि इराणचा माल अमेरिकेत बंद झाला. ते संपल्यावर इराणी पिस्ता परत यायला लागला, तर 1986 साली कच्च्या इराणी पिस्त्यावर 241 टक्के जादा शुल्क बसवलं. बी त्यांचं, नाव त्यांच्या गावाचं आणि दारही त्यांनाच बंद. आज पिस्त्याच्या उत्पादनात जगात अमेरिका पहिली आहे.

धंद्यातला मत्सर मी समजू शकते. आमच्या गल्लीतच तीन जणी लाडू करतात. पण अमेरिकेनं पिस्त्याचं पुढं जे केलं त्याला धंदा म्हणता येत नाही. 1987 साली रेगननी इराणच्या मालावर बंदी घातली. 2000 साली परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी गालिचे, कॅव्हियार, पिस्ता आणि सुकामेवा यांना वाट मोकळी केली. 2010 साली परत बंद. इराणशी 2015 साली झालेल्या अणुकरारानंतर 2016 साली परत सुरू. 2018 साली ट्रम्प करारातून बाहेर पडले, परत बंद. इराणात पिस्ता पिकवणाऱ्या रफसंजानच्या शेतकऱ्यानं यातल्या कुठल्या वर्षी काय गुन्हा केला होता, हे कुणी सांगितलं तर बरं होईल. पिस्त्याचं झाड धरायलाच सात-आठ वर्षं घेतं, आणि तेवढ्यात तिकडं दोन राष्ट्राध्यक्ष बदललेले असतात.

ऑलब्राइटबाईंनी ज्या भाषणात पिस्ता सोडला, 17 मार्च 2000 ला, त्याच भाषणात आणखी एक गोष्ट कबूल केली होती: 1953 साली इराणचे लोकप्रिय पंतप्रधान मोसाद्देक यांना उलथवण्यात अमेरिकेचा मोठा हात होता. मोसाद्देकांचा अपराध एवढाच, की 1951 साली त्यांनी आपल्या देशातलं तेल ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातून काढून देशाच्या मालकीचं केलं. सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यानं मिळून त्यांना घालवलं आणि इराणच्या राजाचा, शहाचा, हुकूम पक्का केला. तिथून पंचवीस वर्षं शहाच्या पोलिसांचा जाच, मग 1979 ची क्रांती, मग मुल्लांचं राज्य. आज ज्या राजवटीच्या नावानं अमेरिका बोटं मोडते, तिच्या पायाचा पहिला दगड अमेरिकेनंच ठेवलाय. सत्तेचाळीस वर्षांनी कबुली दिली, आणि सोबत काय दिलं, तर पिस्ता विकायची परवानगी.

असो. दुकानाकडं येते.

चाचांकडं भावाचा फळा नाही, ही पहिली तक्रार. विचारलं की ते आधी टीव्हीकडं बघतात, मग माझ्याकडं. 2025 च्या जूनमध्ये, 13 तारखेला इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि 22 ला अमेरिकेनं फोर्दो, नतांझ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हा तर पिस्त्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा होता. मी जरा चिडूनच बोलले. चाचा म्हणाले, “वैनी, वाशीच्या व्यापाऱ्याचा फोन आला की आमचा भाव हलतोय. त्येचा हलतोय दुबईवरनं. आमी काय बाँब इकतूय व्हय? पिस्ता इकतूय.”

त्याच वेळी काजू घ्यायला आलेले एक गृहस्थ मध्येच म्हणाले, “बरं झालं, खोड मोडली त्यांची. अणुबाँब करायला निघाले होते.” दुकानात क्षणभर कुणी काही बोललं नाही. चाचा काजू तोलत राहिले. मी म्हटलं, “काका, 2015 चा करार ते पाळत होते. तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्थाच तसं सांगत होती. 2018 च्या मे महिन्यात करार मोडला तो अमेरिकेनं. तोवर इराणचं युरेनियम पावणेचार टक्क्यांच्या आत होतं, साठ टक्क्यांवर गेलं ते 2021 साली.” काका म्हणाले, “तुम्ही त्यांची बाजू घेताय.” मी कुणाची बाजू घेत नाही. महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची पोरगी डोक्यावरच्या कपड्यावरून 2022 साली पोलिसांच्या ताब्यात मेली, आणि तिच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या पोरीबाळींना त्या सरकारनं गोळ्या घातल्या. ते राज्य मला एक दिवस सहन झालं नसतं. पण निर्बंधांनी त्या पोरींच्या हाती काय आलं? महागाई. औषधं कागदावर मोकळी, पण पैसे पोचवायला एकही बँक तयार नाही. राज्य करणाऱ्यांच्या घरात कशाचीच टंचाई नाही.

आपल्याकडं याला वाळीत टाकणं म्हणतात. पाटलाचं एखाद्या घराशी वाकडं आलं की पाटील नुसतं आपलं येणंजाणं बंद करून थांबत नाही. तो सगळ्या गावाला दम देतो: त्याच्याकडून दूध घ्यायचं नाही, त्याला पीठ दळून द्यायचं नाही, त्याच्या मयताला जायचं नाही, आणि जो जाईल तोही वाळीत. अमेरिकेचे इराणवरचे निर्बंध नेमके असेच चालतात. अमेरिकेनं स्वतः पिस्ता घेतला नाही तर तिची मर्जी. पण भारतातल्या बँकेनं इराणशी व्यवहार केला तर त्या बँकेला डॉलरच्या बाजारातून बाहेर काढू, हा दम कुणी दिला? महाराष्ट्रानं 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गावच्या पंचांना जे करायला आपण बंदी घातली, ते जगाच्या पंचांनी केलं की आपले चॅनेलवाले त्याला ‘कडक भूमिका’ म्हणतात.

आणि आपणही दम खाल्ला, हे लिहायलाच हवं. इराण आपल्याला तेल देणाऱ्या पहिल्या काही देशांत होता. त्यातले बरेच पैसे आपण युको बँकेतून रुपयांत देत होतो आणि इराण त्या रुपयांतून आपला बासमती, चहा, औषधं घेत होता. डॉलरचा संबंधच नाही. 2019 च्या मे महिन्यात अमेरिकेनं इराणी तेल घ्यायला दिलेली सूट काढून घेतली आणि आपण तेल घेणं थांबवलं. तेल थांबलं तसे त्या खात्यातले रुपये आटले, रुपये आटले तसे बासमतीवाल्यांचे पैसे अडकले. 2025 च्या जूनच्या लढाईत इराणला जाणारा एक लाख टनांच्या आसपास बासमती कांडला-मुंद्र्यात पडून होता.

बरं, आपल्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही असंही नाही. त्याच 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेनं आपल्या स्टील-ॲल्युमिनियमवर जादा शुल्क बसवलं आणि मग व्यापारातल्या सवलतीही काढून घेतल्या, म्हणून आपण तिच्या बदाम, अक्रोड आणि सफरचंदांवर जादा कर लावला होता. तो 2023 पर्यंत टिकला. भारत हे कॅलिफोर्नियाच्या बदामाचं मोठ्यातलं मोठं गिऱ्हाईक. म्हणजे बदामाच्या बाबतीत कणा होता, तेलाच्या वेळी कुठं गेला?

बदामाचं सांगायचं तर चाचांकडचा मामरा उत्तम. वाकडा, सुरकुतलेला, दिसायला कुपोषित, पण चावला की तेल सुटतं. गंगावेशीतल्या तालमीत माझा भाचा कसरत करतो, त्याच्या थंडाईला हाच जातो. घरच्या शिऱ्याला, लाडवाला कॅलिफोर्निया पुरे. मामरा लाडवात घालणं म्हणजे पैसे उधळणं आहे, आणि चाचा स्वतःच तसं सांगतात, जे दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं मला सांगितलेलं नाही.

खजूर रमजानच्या आधी पंधरा दिवस घ्यावा, तेव्हा माल ताजा असतो आणि गर्दी नसते. किमियाची काळी, ओलसर, मऊ खोकी केरमान प्रांतातल्या बम शहराच्या बाजूनं येतात. 2003 च्या डिसेंबरात बमला भूकंप होऊन पंचवीस हजारांवर माणसं गेली, तेव्हा अमेरिकेची लष्करी विमानं मदत घेऊन केरमानला उतरली होती आणि निर्बंधही काही दिवस सैल केले होते. ठरवलं तर जमतं, एवढं त्यातून दिसलं. इराकचा जाहिदी खजूर स्वस्त, कोरडा, मिक्सरमधून काढून साखरेऐवजी वापरायला चांगला. माझ्या बिनसाखरेच्या लाडवांचा सगळा डोलारा त्याच्यावर. बसरा एके काळी जगातला खजुराचा मोठा बाजार होता. आठ वर्षांच्या इराण-इराक लढाईत शत्त-अल-अरब नदीच्या काठच्या बागा उजाड झाल्या, आणि त्या लढाईत सद्दामच्या पाठीशी अमेरिका होती. नंतर 1990 पासून त्याच इराकची तेरा वर्षं नाकाबंदी. उपासमारीनं आणि औषधावाचून पाच लाख मुलं मेली म्हणतात, ही किंमत योग्य वाटते का, असं 1996 साली टीव्हीवर विचारलं तेव्हा वर आलेल्या ऑलब्राइटबाई म्हणाल्या होत्या, आम्हाला वाटतं, योग्य आहे. तो आकडा पुढं खोटा ठरला, हे खरं. पण उत्तर देताना बाईंनी आकडा नाकारला नव्हता. मग 2003 साली नसलेली अस्त्रं शोधायला सैन्य घुसलं. अस्त्रं सापडली नाहीत, त्याबद्दल कुणाला वाळीत टाकल्याचंही ऐकिवात नाही.

आता किमियाच्या शेजारीच अजवा खजूर ठेवलेला असतो, मदिनेचा. त्याचा पुरवठा कधी अडत नाही. सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली 2018 साली. त्याच वर्षी जमाल खशोगी या पत्रकाराला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत मारलं. युवराजांची त्याला मान्यता होती असं अमेरिकेच्याच गुप्तचर खात्यानं 2021 साली लिहून दिलं. पुढच्या वर्षी बायडन जेद्दाला जाऊन त्याच युवराजांच्या मुठीला मूठ लावून आले. येमेनवर पडलेले सौदीचे बरेच बाँब अमेरिकन कारखान्यातले. म्हणून ‘अमेरिका मुसलमानांच्या विरोधात आहे’ असं कुणी म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. इस्लामशी तिचं काही वैर नाही. मान तुकवणारा शेख असो, शहा असो की लष्करशहा, तो चालतो; हिशोब मागणारा चालत नाही, मग तो मोसाद्देकांसारखा निवडून आलेला का असेना. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 1971 चं नाव काढलं की ते अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा उद्धार केल्याशिवाय राहत नसत. तेव्हा ढाक्यात मारले जात होते त्यांत मुसलमान काही थोडे नव्हते, मारणारा याह्याखान अमेरिकेचा दोस्त होता, आणि निक्सननी विमानवाहू एंटरप्राइज पाठवली ती आपल्याला धमकवायला.

अंजीर. कंदाहारचे, दोरीत ओवलेले, वरून पांढुरकी साखर आलेली. चव पहिल्या प्रतीची, भाव मात्र गेल्या वर्षभरात डोळे पांढरे करणारा. इथं सगळंच अमेरिकेच्या नावावर टाकता येणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर आपणच अटारी बंद केली, आणि अफगाण माल त्याच वाटेनं यायचा. दुसरी वाट होती इराणच्या चाबहार बंदराची. आपण अफगाणिस्तानात झरंजपर्यंत रस्ता बांधून दिला, 2019 च्या फेब्रुवारीत त्या वाटेनं सुकामेव्याचे ट्रक चाबहारला आणि तिथून जहाज मुंबईला निघालं. अमेरिकेनं या बंदराला निर्बंधांतून सूट दिली होती. ती 2025 च्या सप्टेंबरात काढली, महिन्याभरात सहा महिन्यांसाठी परत दिली. अशा उधारीच्या परवानगीवर कुठला व्यापारी बोट भरेल? वीस वर्षं त्या देशात राहून, दोह्यात तालिबानशी करार करून अमेरिका 2021 च्या ऑगस्टमध्ये निघून गेली, आणि जाताना तिथल्या मध्यवर्ती बँकेचे सात अब्ज डॉलर आपल्याकडं गोठवून ठेवले. तालिबान मुलींना सहावीनंतर शाळेत जाऊ देत नाही, त्यांना दमडी देऊ नये हे मलाही पटतं. पण ते पैसे तालिबानच्या बापाचे नव्हते, अंजीर वाळवणाऱ्यांचे होते.

केशर चाचा बाहेर मांडत नाहीत, मागावं लागतं. एका ग्रॅमच्या डब्या. दोन काड्या कोमट दुधात टाकून दहा मिनिटं थांबायचं: काडी लालच राहिली आणि दूध हळूहळू पिवळं झालं तर माल खरा. लगेच लाल रंग सुटला तर परत करा. मी एकदा परत केली होती, कुरकुर न करता घेतली.

दुकानाच्या खोडी: पिशव्या पातळ, घरी पोचेपर्यंत फाटतात, डबा न्या. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. टीव्हीचा आवाज फार, आणि चाचांचा नातू मोबाईलमधून मान वर करत नाही. त्यानं तोललं तर काट्यावर आपण लक्ष ठेवावं, लबाडी म्हणून नाही, ध्यान नसतं म्हणून. रविवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराच्या आत जावं. उधारी नाही, फोनवरून पैसे घेतात. किलोच्या वर घेतलं तर थोडं कमी करतात, पण ‘कमी करा’ असं तीनदा म्हणावं लागतं.

पिस्ता, मामरा, खजूर आणि केशर यांना पाचपैकी पाच. अंजीर चार, भावामुळं. अक्रोड मात्र इथून घेऊ नका. पावसाळ्यानंतर खवट लागतात.